प्रथमच दिल्लीला जाताना

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी कोणी ना कोणी दरवर्षी दिल्लीला निघते. कोणाच्या मुलाची परीक्षा किंवा मुलाखत असते, कोणी निवृत्तीनंतर पत्नीसह निघतो, तर कधी महाविद्यालयाची सहल असते. निघण्यापूर्वी ही मंडळी माझ्याकडे येतात आणि हमखास एकच प्रश्न विचारतात : "सर, तीन दिवसांत काय काय पाहून होईल?" या प्रश्नाचे उत्तर मी अनेक वर्षे उभ्या उभ्या देत आलो. यंदा स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर लिहून काढावे, असे संपादक मंडळाने सुचविले, म्हणून हा लेख.

हा प्रश्न मुळातच थोडा चुकतो, हे मी माझ्या पहिल्या दिल्ली प्रवासात शिकलो. १९९४ सालच्या डिसेंबरअखेर, शाळेला नाताळची सुटी असताना, मी आई आणि मावशीला घेऊन नागपूरहून दिल्लीला गेलो. आईला ताजमहाल पाहायचा नव्हता, कुतुबमिनारही नाही. तिला अलीपूर रोडवरचे २६ क्रमांकाचे घर पाहायचे होते. बाबासाहेबांनी जिथे शेवटचा श्वास घेतला ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढेच तिचे म्हणणे. धुक्यामुळे गाडी पाच तास उशिरा पोहोचली. तो रविवार होता. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आम्ही एका प्रवासी कंपनीच्या 'दिल्ली दर्शन' बसमध्ये बसलो. सोमवारी लाल किल्ला बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद. ही गोष्ट तिकीट फाडणाऱ्याने सांगितली नाही आणि आम्ही विचारली नाही. जी ठिकाणे उघडी होती तिथे वीस-वीस मिनिटे मिळाली, आणि शाली-गालिच्यांच्या एका दुकानात मात्र दीड तास. मंगळवारी सगळे जातात म्हणून आम्हीही आग्र्याला गेलो, रात्री एकला परतलो. बुधवारी दुपारी परतीची गाडी होती. आईचे घर त्या सकाळसाठी राखून ठेवले होते.

रिक्षावाल्याला मी "अलीपूर" एवढेच म्हणालो. तो आम्हांला सरळ अलीपूर गावात घेऊन गेला! दिल्लीच्या उत्तरेला जी. टी. रोडवर या नावाचे गाव आहे आणि ते सिव्हिल लाइन्सपासून पंधरा-वीस किलोमीटर दूर आहे, हे मला माहीत नव्हते. चूक त्या बिचाऱ्याची नव्हती, माझीच होती. तिथून परत फिरेपर्यंत गाडीची वेळ झाली. स्टेशनच्या वाटेवर आई एवढेच म्हणाली, "राहू दे बाबू, पुढच्या वेळी पाहू." ती पुढची वेळ आली नाही. १९९९ मध्ये ती गेली.

म्हणून मी आता येणाऱ्यांना उलट विचारतो : आपण कशासाठी जात आहात? आपल्यासारख्या साध्या मिळकतीच्या कुटुंबांत दिल्लीची पहिली खेप ही पुष्कळदा शेवटचीच असते. तेव्हा घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः वडीलधाऱ्यांनी, आपल्याला नक्की काय पाहायचे आहे ते एकेक नाव घेऊन सांगावे. ते कागदावर लिहावे, पूर्ण पत्त्यासह. आणि जे सर्वांत महत्त्वाचे असेल ते पहिल्या दिवशी सकाळी पाहावे. शेवटच्या दिवसासाठी काहीही राखून ठेवू नये. बाकीचे नियोजन यानंतरचे.

दिल्ली एक नव्हे

नियोजन चुकण्याचे दुसरे कारण म्हणजे दिल्ली हे एकच शहर आहे अशी आपली समजूत. वास्तविक ती अनेक राजधान्यांची रांग आहे. दक्षिणेला मेहरौलीकडे सर्वांत जुनी दिल्ली, जिथे कुतुबमिनार आहे. त्यानंतर अल्लाउद्दीन खिलजीची सिरी, ग्यासुद्दीन तुघलकाचे तुघलकाबाद, फिरोजशहाचे यमुनाकाठचे फिरोजाबाद, हुमायून आणि शेरशहा यांच्या काळातला पुराना किला, आणि शहाजहानने १६३९ ते १६४८ या काळात उभारलेला लाल किल्ला व त्याभोवतीचे शहाजहानाबाद, ज्याला आज आपण जुनी दिल्ली म्हणतो. डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्जने कलकत्त्याहून राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा केली आणि १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. प्रत्येक राज्यकर्त्याने आधीच्याची वस्ती सोडून थोडी दूर आपली वसवली. (महंमद तुघलक तर १३२७ च्या सुमारास राजधानी उचलून थेट आपल्या दौलताबादलाच घेऊन आला होता. त्या काळी दिल्लीकरांना घडलेला तो प्रवास आठवला, की आपल्या आरक्षणाच्या रांगेचे दुःख हलके होते.)

या इतिहासाचा प्रवाशासाठी अर्थ असा, की पाहण्याची ठिकाणे एका जागी नाहीत. कुतुबमिनार ते लाल किल्ला हे अंतर सुमारे पंधरा किलोमीटर आहे आणि मधला रस्ता गर्दीचा. सकाळी लाल किल्ला, दुपारी कुतुब, संध्याकाळी पुन्हा चांदणी चौक असा बेत केला, तर दिवस रस्त्यातच संपतो. दिल्ली पाहावी ती भागाभागाने. एका दिवशी एकच भाग, आणि त्या भागातली दोन, फार तर तीन ठिकाणे.

यासाठी आता मेट्रो रेल्वेसारखे साधन नाही. २००२ च्या डिसेंबरात तिचा पहिला टप्पा सुरू झाला; आमच्या वेळी ती असती तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. तिच्या नकाशावरची पिवळी मार्गिका लक्षात ठेवावी. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना सिव्हिल लाइन्स, काश्मिरी गेट, चांदणी चौक, नवी दिल्ली रेल्वे स्थानक, राजीव चौक (म्हणजेच कॅनॉट प्लेस), केंद्रीय सचिवालय आणि पुढे कुतुबमिनार ही स्थानके तिच्यावर ओळीने येतात. जणू दिल्लीचा इतिहासच एका दोऱ्यात ओवला आहे, फक्त क्रम थोडा उलटसुलट. दुसरी जांभळी मार्गिका काश्मिरी गेटहून लाल किल्ला, जामा मशीद, दिल्ली गेट अशी जाते व पुढे दक्षिणेला कालकाजीकडे वळते. या दोन रेषा समजल्या की पहिल्या खेपेपुरती दिल्ली समजली. प्रत्येक स्थानकावर सामानाची तपासणी होते. घरून नेलेली सुरी-कात्री तिथे अडते. गाडीचा पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो, हे आपल्या भगिनींनी ध्यानात ठेवावे आणि बरोबरच्या बंधूंनी तर अधिकच.

केव्हा जावे, कसे जावे

फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा हा सर्वांत चांगला काळ. ऑक्टोबरही चांगला, पण दिवाळीच्या आसपास आणि नोव्हेंबरभर हवेत धूर इतका असतो, की दमा किंवा छातीचा विकार असलेल्या माणसाने जाऊच नये. डिसेंबरअखेर व जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात. आपल्याकडची पातळ स्वेटरे तिथल्या थंडीत पुरत नाहीत, हे तिथे पोहोचल्यावर कळून उपयोग नसतो. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि लू चालते. शाळांना सुटी तेव्हाच असते, हे खरे. पण म्हाताऱ्या माणसांना व लहान मुलांना त्या उन्हात किल्ल्यांच्या दगडांवरून फिरवणे बरे नव्हे.

तारखांचाही विचार करावा. प्रजासत्ताक दिनाच्या आधी संचलनाची तालीम चालते, त्यामुळे इंडिया गेटच्या परिसरातले रस्ते बंद असतात. स्वातंत्र्यदिनापूर्वी बंदोबस्तासाठी लाल किल्ला काही दिवस बंद ठेवतात. आणि सोमवार! लाल किल्ला व राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतात, हे मी माझ्या खर्चाने शिकलो आहे. मुक्कामात सोमवार येतच असेल तर तो कुतुबमिनार व हुमायूनच्या मकबऱ्यासाठी ठेवावा. ती ठिकाणे रोज उघडी असतात.

रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. जुन्या हिशेबाने चालणारी मंडळी अजूनही चार महिने आधी चौकशीला जातात आणि मग नेमक्या दिवशी विसरतात. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत २०२० मध्ये बंद झाली. ती धरून खर्चाचा अंदाज करू नये. नागपूरकरांना दक्षिणेकडून दिल्लीला जाणाऱ्या पुष्कळ गाड्या आहेत, मराठवाड्यातून सचखंड एक्स्प्रेस, पुण्याहून झेलम व गोवा एक्स्प्रेस, मुंबईहून तर अनेक. तिकिटावर उतरण्याच्या स्थानकाचे नाव मात्र नीट वाचावे. नवी दिल्ली, जुनी दिल्ली, हजरत निजामुद्दीन आणि आनंद विहार ही सगळी वेगवेगळी स्थानके असून एकमेकांपासून दूर आहेत. परतीची गाडी ज्या स्थानकाहून सुटते तेही आधीच पाहून ठेवावे. निजामुद्दीनची गाडी पकडायला नवी दिल्लीला जाऊन बसलेले एक कुटुंब माझ्या ओळखीचे आहे.

नवी दिल्ली स्थानकाला दोन बाजू आहेत, एक पहाडगंजची आणि दुसरी अजमेरी गेटची. पिवळ्या मार्गिकेची मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला आहे. बाहेर पडताच काही सभ्य दिसणारी माणसे आपुलकीने जवळ येतील. आपले हॉटेल बंद पडले आहे, तिकडचा रस्ता दंग्यामुळे बंद आहे, किंवा आपले परतीचे तिकीट अमुक कार्यालयातून पक्के करून घ्यावे लागते, असे काहीतरी सांगतील. यातले काहीही खरे नसते. न थांबता, न रागावता पुढे चालावे. वाद घालणाऱ्याशी ते गोड बोलतात, आणि गोड बोलणाऱ्याचा खिसा रिकामा होतो. उतरण्याची जागा घरूनच ठरवून, फोनवर बोलून, पत्ता हातात ठेवून निघाले की हा प्रश्न उरत नाही.

उतरण्याविषयी फार लिहीत नाही, कारण ते प्रत्येकाच्या ऐपतीवर आहे. पहाडगंजात स्वस्त खोल्या आहेत, पण आधी खोली पाहावी, मगच पैसे द्यावेत. पिवळ्या मार्गिकेच्या स्थानकापासून चालत जाता येईल अशी जागा शंभर रुपये महाग असली तरी शेवटी स्वस्त पडते. प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ हवे, त्याशिवाय कोणीही खोली देत नाही.

पहिला दिवस : उत्तरेचा भाग

मी सुचवतो तो क्रम असा. पहिल्या सकाळी सिव्हिल लाइन्स स्थानकावर उतरावे आणि रिक्षावाल्याला "२६ अलीपूर रोड, डॉ. आंबेडकर स्मारक, सिव्हिल लाइन्स" असे पूर्ण सांगावे. (पूर्ण सांगावे!) मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर बाबासाहेब इथे राहायला आले. हे घर सिरोहीच्या महाराजांचे होते. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाचे अखेरचे काम इथेच चालले होते. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्यांनी त्याच्या प्रस्तावनेवर पुन्हा हात फिरवला, आणि ६ डिसेंबरच्या पहाटे इथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच रात्री पार्थिव विमानाने मुंबईला नेण्यात आले. मधली अनेक वर्षे ही जागा खाजगी मालकीची होती. आम्ही १९९४ मध्ये पोहोचलो असतो तरी फाटकाबाहेरूनच नमस्कार करावा लागला असता. पुढे ती सरकारने घेतली, आणि १३ एप्रिल २०१८ रोजी तिथे राष्ट्रीय स्मारकाचे उद्घाटन झाले. उघडलेल्या संविधान ग्रंथाच्या आकाराची ही इमारत आहे. जुने घर उरलेले नाही, हे आधी मनाशी मान्य करून जावे, म्हणजे निराशा होत नाही. विद्यार्थ्यांनी इथे निदान दोन तास द्यावेत. सोमवार आणि सरकारी सुटीचे दिवस टाळावेत. १४ एप्रिल व ६ डिसेंबरला गर्दी असणारच.

याच भागात, पण वेगळ्या वाटेने, रिजच्या टेकडीवर हिंदुराव रुग्णालयाजवळ सम्राट अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. लाल मार्गिकेवरच्या पुलबंगश स्थानकावरून तिथे ई-रिक्षा मिळते. हा मूळचा मेरठचा. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात तो दिल्लीत आणवला. अठराव्या शतकाच्या आरंभी, फर्रुखसियरच्या कारकीर्दीत, दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचे तुकडे झाले आणि ते तुकडे सुमारे दीडशे वर्षे जोडले गेले नाहीत. १८६७ मध्ये ते जोडून स्तंभ पुन्हा उभा केला. आज तिथे तिकीट नाही, गर्दी नाही, विचारले तर आसपासच्या लोकांनाही नीट सांगता येत नाही. जोडलेल्या सांध्यांच्या रेषा जवळून दिसतात.

दुसरा दिवस : जुनी दिल्ली आणि कोटला

दुसऱ्या दिवशी लाल किल्ला सकाळी उघडताच पाहावा. दिवाण-ए-खासमध्ये मराठी माणसाने थोडे थांबावे : १७६० मध्ये, पानिपतच्या मोहिमेत पैशांची टंचाई झाली तेव्हा सदाशिवरावभाऊंनी इथल्या छताची चांदी काढून तिची नाणी पाडली होती. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला १९४५-४६ मध्ये याच किल्ल्यात चालला. तिथून चांदणी चौक आणि जामा मशीद चालत होते. नमाजाच्या वेळी मशिदीत इतरांना प्रवेश नसतो, एवढे पाळावे. बाजारात खरेदी करायची तर जेवण झाल्यावर करावी. भुकेल्या पोटी घासाघीस होत नाही.

दुपारनंतर जांभळ्या मार्गिकेने दिल्ली गेट स्थानकावर यावे. इथून जवळच फिरोजशहा कोटला. हे नाव आपल्या मुलांना क्रिकेटमुळे ठाऊक आहे. १९९९ मध्ये अनिल कुंबळेने पाकिस्तानविरुद्ध एका डावात दहा बळी घेतले ते मैदान हेच. पण त्याच मैदानाच्या शेजारी, पडक्या किल्ल्यात, एका तीन मजली चौथऱ्यावर सम्राट अशोकाचा तेरा मीटर उंचीचा अखंड पाषाणस्तंभ उभा आहे, हे किती जणांना ठाऊक असते? मलाही पहिल्या खेपेला ठाऊक नव्हते. आमची बस त्याच्या जवळून गेली आणि वाटाड्याने सांगितले ते फक्त मैदान.

हा स्तंभ आजच्या हरियाणातील तोपरा गावचा. फिरोजशहाने तो कसा आणला, याचे वर्णन शम्स-ए-सिराज अफीफ या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. स्तंभाभोवती सावरीच्या कापसाची रास घातली, पायाशी खणून त्याला हळूच त्या कापसावर आडवा केला, मग बोरू आणि कातड्यांत गुंडाळून बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवला. एकेका चाकाच्या दोराला दोनशे माणसे लावली. यमुनेवर पोहोचल्यावर तो मोठ्या नावांवर घालून दिल्लीला आणला. एवढे करून सुलतानाने पंडितांना बोलावून त्यावरचा लेख वाचायला सांगितला, तर कोणालाही तो वाचता येईना. ब्राह्मी लिपी तोवर विस्मृतीत गेली होती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली, तेव्हा या स्तंभावरचे लेख वाचले गेले.

अशोकाच्या इतर स्तंभांवर सहा लेख आढळतात. सातवा, सर्वांत मोठा लेख पूर्ण स्वरूपात केवळ या एकाच स्तंभावर आहे. त्यात सम्राट सांगतो, की रस्त्यांच्या कडेने आपण वडाची झाडे लावविली, माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून. आमराया लावल्या, ठरावीक अंतरावर विहिरी खणविल्या, विसाव्याच्या जागा आणि पाणपोया केल्या. म्हणजे परगावी निघालेल्या वाटसरूची सोय हा त्या राज्याच्या कामकाजाचा भाग होता. प्रवासाला निघालेल्या आपल्यासारख्यांनी हा लेख त्याच्या पायथ्याशी उभे राहून आठवावा, यासारखी दुसरी गोष्ट दिल्लीत मला सापडली नाही. त्यासाठी अशोकाच्या शिलालेखांचे मराठी भाषांतर एखाद्या ग्रंथालयातून आधी वाचून जावे. तिथला फलक फार थोडे सांगतो. चौथऱ्यावर चढू देतात की नाही हे त्या दिवशीच्या पहारेकऱ्यावर असते, पण खालूनही दगडाची झिलई स्पष्ट दिसते. गुरुवारी इथे वेगळीच गर्दी असते. या पडक्या दालनांत जिन राहतात अशा समजुतीने लोक आपल्या अडचणी कागदावर लिहून तिथे ठेवतात. तो दिवस टाळला तर स्तंभ शांतपणे पाहता येतो.

उरलेले दिवस

तिसऱ्या दिवशी नव्या दिल्लीचा भाग घ्यावा. राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची ती जगप्रसिद्ध नर्तिका आहे. एवढीशी, वितीएवढीही नाही. पिप्रहवा येथील उत्खननात मिळालेले बुद्धांचे अस्थिधातूही या संग्रहालयाने जतन केले आहेत. पुष्कळ जण केवळ त्यांच्या दर्शनासाठी दुरून येतात. मात्र हे धातू मधूनमधून प्रदर्शनासाठी परदेशी नेले जातात. २०२४ मध्ये ते थायलंडला नेले होते. शिवाय संग्रहालय नॉर्थ ब्लॉक व साउथ ब्लॉकच्या इमारतींत हलविण्याची योजना जाहीर झालेली आहे. म्हणून धातुदर्शन हाच जाण्याचा हेतू असेल तर तिकीट काढण्यापूर्वी ते त्या वेळी कुठे आहेत, हे विचारून घ्यावे. दुपारनंतर कर्तव्यपथावरून, म्हणजे पूर्वीच्या राजपथावरून, इंडिया गेटपर्यंत चालावे. वाटेत जुने संसद भवन दुरून दिसते. २०२३ पासून त्याचे नाव 'संविधान सदन' आहे. ज्या मध्यवर्ती सभागृहात संविधान सभा बसली, ते याच इमारतीत आहे. राष्ट्रपती भवन आतून पाहायचे असल्यास आधी नोंदणी करावी लागते.

चौथा दिवस हाताशी असेल तर दक्षिणेकडे जावे. कुतुबमिनारची उंची साडेबाहत्तर मीटर. १९८१ मध्ये आतल्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन पंचेचाळीस जण दगावले, त्यात बहुतेक शाळकरी मुले होती. तेव्हापासून वर जाणे बंद आहे. शाळेच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांनी ही घटना विसरू नये. आवारातला लोहस्तंभ दीड हजार वर्षांहून जुना आहे. मेट्रो स्थानकाचे नाव कुतुबमिनार असले तरी मिनार तिथून थोडा दूर आहे, रिक्षा करावी. हुमायूनच्या मकबऱ्याची बाग मला स्वतःला फार आवडते, पण वेळ कमी असेल तर ती सोडून मी बहापूरला जाईन.

बहापूर हे नाव कोणत्याही 'दिल्ली दर्शन'च्या यादीत नाही. कालकाजीच्या भागात, श्रीनिवासपुरीजवळच्या एका लहानशा उद्यानात, एका उतरत्या खडकावर अशोकाचा शिलालेख आहे. तो १९६६ मध्ये उजेडात आला. दहा ओळींचा, उन्हापावसाने पुसट झालेला. खडक जाळीच्या आत आहे. त्यात अशोक म्हणतो, की उपासक होऊन अडीच वर्षे झाली तरी आरंभी आपण फारसा प्रयत्न केला नाही. संघाच्या सान्निध्यात आल्यावर मात्र केला. आणि हे फळ केवळ थोरांसाठी नाही, लहान माणूसही प्रयत्नाने ते मिळवू शकतो. स्तंभ फिरोजशहाने बाहेरून आणले. हा खडक मात्र आहे त्याच जागी आहे.

काही किरकोळ पण उपयोगाच्या गोष्टी. पंधरा वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिकीट पडत नाही. जेवणाला राजमा-चावल आणि छोले-कुलचे स्वस्त व पोटभर. ज्वारीची भाकरी मात्र विसरावी. कॅनॉट प्लेसजवळच्या बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात लंगर सर्वांना, जात-धर्म न विचारता, विनामूल्य मिळतो. डोके झाकून, चपला बाहेर काढून पंगतीत बसावे, आणि जमल्यास घटकाभर भांडी घासायला हातभार लावावा. हिंदी बोलताना आपण मराठी माणसे सवयीने "तू, तुम" म्हणून जातो; तिथे ते उद्धट वाटते. भाजीवाल्यालाही "आप" म्हणावे. रिक्षाचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. सर्वांजवळ मुक्कामाच्या जागेचा पत्ता कागदावर लिहिलेला असावा. मोबाईलची बॅटरी संपते, कागद संपत नाही. म्हाताऱ्या माणसांना दुपारी दोन तास विश्रांती हवीच, हे वेळापत्रकातच लिहून ठेवावे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मी पुन्हा दिल्लीला गेलो, भाच्याला घेऊन. त्याची मुलाखत तिसऱ्या दिवशी होती. पहिल्या सकाळी आठला आम्ही चहा घेतला आणि पिवळ्या मार्गिकेच्या गाडीत बसलो. स्मारक उघडण्यापूर्वीच दारात पोहोचलो होतो. तिथे आधीच विदर्भातलेच एक कुटुंब उभे होते, बरोबर नऊवारीतल्या एक आजीबाई. आम्ही साडेअकराला बाहेर पडलो तेव्हा त्या अजून आतच होत्या, आणि त्यांचा नातू बाकावर बसून कुठलीही घाई न करता त्यांची वाट पाहत होता.